तोंडी परीक्षेपुरती शांतता

"लूम बंद? कशाला बंद?" बाळारामशेठ म्हात्र्यांनी चहाची बशी ओठांपासून खाली घेतली आणि आसावरीकडे असं बघितलं, की जणू तिने अर्ध्या तासासाठी त्यांचं एखादं मूत्रपिंड वापरायला मागितलं असावं.

"अर्धाच तास, शेठ. रविवारी अकरा वाजता. माझी तोंडी परीक्षा आहे, ऑनलाइन."

"मंग दे ना तू परीक्षा. माजे लूम काय तुला प्रश्न इचारतात?"

निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत तळमजल्यावर बाळारामशेठचा यंत्रमागांचा कारखाना होता आणि त्याच्या बरोबर डोक्यावर माधव आणि आसावरी कर्णिकांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. खाली लूम सुरू झाले की वर फरशी थरथरायची. पोह्यांची बशी टेबलाच्या या कडेला ठेवली तर थोड्या वेळाने ती आपसूक त्या कडेला जायची आणि माधव तिची तिथे वाट बघत बसलेला असायचा. नवराबायको एकमेकांशी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं बोलायचे. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, यांचं भांडण चाललंय. प्रत्यक्षात ती "आज भेंडी करू का?" एवढंच विचारत असायची.

आसावरी शेलार गावच्या शाळेत शिकवत होती आणि गेली चार वर्षं अर्धवेळ एम.एड. करत होती. आठवडाभर दुसऱ्यांची मुलं, संध्याकाळी स्वतःचं घर, आणि शनिवार-रविवार कल्याणच्या कॉलेजात बाकावर बसून शिक्षणाचं तत्त्वज्ञान. हे सगळं कशासाठी, असं नणंदेने एकदा विचारलं होतं. आसावरीने बढतीबिढतीचं काहीतरी सांगितलं, पण ते खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, की तिला ही पदवी हवी होती. लग्नात मिळालेल्या भांड्यांपासून सोफ्याच्या अभ्र्यांपर्यंत घरात जे काही होतं ते सगळ्यांचं होतं, आणि ही एक गोष्ट फक्त तिची असणार होती.

सगळे पेपर झाले होते, प्रबंधही लिहून झाला होता. राहिली होती ती तोंडी परीक्षा. तीही गेल्या वेळी झाली असती, पण कोल्हापूरच्या बाह्य परीक्षक डॉ. सुकन्या देवस्थळी पडद्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुमच्याकडे पिठाची गिरणी चालू आहे का? आधी दळण उरकून घ्या, मग बघू." आणि त्यांनी फोन ठेवला होता. आता तिच्या नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपत होती. कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं, की या रविवारी परीक्षा झाली तर झाली, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

दुसरीकडे कुठे जावं, तर तीही सोय नव्हती. शाळा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला दिलेली होती. कॉलेजला रविवारी कुलूप होतं. नणंद दापोड्याला राहायची, पण तिच्या खिडकीखाली गोदामं होती आणि दिवसभर ट्रक मागे घेताना वाजणारी पिपाणी चालू असायची. त्यात विनोद असा, की आसावरीच्या प्रबंधाचा विषयच मुळी 'यंत्रमागांचा आवाज आणि विद्यार्थ्यांची एकाग्रता' हा होता. आवाजात एकाग्रता साफ ढासळते, हे तिने दोनशे पानांत सिद्ध केलं होतं. ती दोनशेही पानं तिने चालू लुमांच्या डोक्यावर बसून लिहिली होती, पण ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

"माजा बाप गेला तवा लूम बंद केले व्हते," बाळारामशेठ म्हणाले. "आमच्या पोरीच्या, नेत्राच्या लग्नात पन चालू व्हते. मांडवात मंगलाष्टकं आनि हिथं लूम. तुज्या परीक्षेला बंद करू?"

हे मात्र खरं होतं. शुक्रवारची सुट्टी सोडली तर त्या गल्लीत लूम दोनच कारणांनी थांबत. एक तर वीज जाई, नाहीतर माणूस.

तेवढ्यात आतून शेठच्या पत्नी गोदूबाई आल्या. बाळारामशेठच्या कारखान्यात मत शेठ देत, पण निकाल गोदूबाई देत. "काय वो तुमी," त्या कडाडल्या, "चार वरसं पोर कल्यानला धावतंय. आपल्या घरात कोन शिकलं न्हाय, निदान डोक्यावरचं तरी शिकू दे! अर्धा तास बंद ऱ्हायलं तर काय कापड रडनार हाय?"

शेठनी बशीतला गार चहा एका घोटात संपवला. "बरं. पन कुनाला सांगायचं न्हाय. उद्या जो तो येल. कुनाच्या पोराचा अभ्यास, कुनाच्या सासूचं डोकं. आनि मी काय ते बघाया थांबनार न्हाय. बंद लूम मला बघवत न्हाय. मी शेलारला बहिनीकडं जातंय."

त्यांनी मुकादमाला फर्मान सोडलं, "संडे को ग्यारह के पहले सब लूम बंद कर देना. क्यों, ये नहीं पूछने का." मुकादमाने मान डोलावली. तो शेठकडे इतकी वर्षं टिकला होता तो मुळात न विचारल्यामुळेच.

रविवारी ठरल्याप्रमाणे सगळं झालं. शेठ सकाळीच शेलारला गेले. फोन त्यांनी घरीच ठेवला, कारण बहीण बोलायला लागली की फोन आला तरी घेता यायचा नाही. गोदूबाईंनी स्वतःहून पहारा अंगावर घेतला. आसावरीच्या जिन्याच्या तळाशी खालच्या पायरीवर त्या बसल्या. "चिमनी वर जाऊ देनार न्हाय," त्यांनी आसावरीला शब्द दिला, "तू बिनघोर परीक्षा दे."

आणि लूम बंद झाले.

पहिली गोष्ट झाली ती अशी, की समोरच्या चहावाल्या चिंधूच्या हातून किटली निसटली. त्याने वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. म्हणजे वीज गेलेली नव्हती. आज शुक्रवारही नव्हता. चिंधूने हिशेब केला. उरला होता तो माणूस. तो फडकं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून आला.

"मुकादम, लूम क्यों बंद?"

"शेठ का हुकूम."

"शेठ किधर है?"

"सुबह से दिखे नहीं."

"फोन लगाव ना."

मुकादमाने फोन लावला. तो शेठच्या बंद खोलीत वाजला आणि वाजतच राहिला. 'क्यों, ये नहीं पूछने का' असं शेठ का म्हणाले होते, ते मुकादमाला आता कळल्यासारखं वाटलं. मग चिंधू जिन्यापाशी गेला.

तिथे गोदूबाई बसल्या होत्या. कापसाच्या तंतूंनी त्यांना वर्षानुवर्षं खोकला होता, आणि एकदा सुरू झाला की तो तीन घरं पलीकडे ऐकू जाई. आसावरीला शब्द दिला तो मोडायचा नाही म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. खोकला दाबून दाबून डोळे लाल झाले होते आणि गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"वहिनी, काय झालं? शेठ कुठं हाईत?" चिंधूने विचारलं.

बोलायला तोंड उघडलं असतं तर खोकला सुटला असता. गोदूबाईंनी नुसती मान हलवली आणि हात जोडून त्याला गप्प राहायची खूण केली. चिंधूला जे समजायचं ते समजलं. तो दुकानात गेला, स्टोव्ह बंद केला आणि शटर अर्धं ओढलं.

अर्धं ओढलेलं शटर ही त्या गल्लीतली बातमीच असते. बघता बघता माणसं जमू लागली. जो येई तो गोदूबाईंकडे बघे, गोदूबाई ओठांवर बोट ठेवत, आणि येणारा पायातल्या चपला काढून मुकाट भिंतीला टेकून उभा राही. असं शिस्तीचं मयत निजामपुऱ्याने आजवर बघितलं नव्हतं. कुणीतरी बांबू आणायला माणूस धाडला. गल्लीच्या टोकाचे कुमारशेठ आले. गटाराच्या पाण्यावरून त्यांचं आणि बाळारामशेठचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. ते भलामोठा झेंडूचा हार घेऊन आले आणि कोपऱ्यात उभं राहून लहान मुलासारखे रडू लागले. तेही तोंडावर रुमाल धरून, कारण गोदूबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले होते.

गल्लीची रीत अशी, की कारखानदार गेला की आजूबाजूचेही लूम थांबतात. कुमारशेठनी आपले थांबवले. ते बघून पुढच्याने थांबवले, त्याच्या पुढच्यानेही थांबवले. रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशी इंजिनं बंद करून गाड्या ढकलत आत आणू लागले. निजामपुऱ्यात एवढी शांतता पसरली, की कुणाच्या तरी घरात फोडणीला टाकलेली मोहरी गल्लीभर ऐकू आली.

आणि वर आसावरी घामाघूम होऊन बसली होती.

"नमस्कार मॅडम!" तिने सुरुवात केली होती ती नेहमीच्या सुरात. डॉ. देवस्थळींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मॅडम, मी कोल्हापूरला आहे, पण आपल्यामध्ये फोन आहे. ओरडायची गरज नाही."

आसावरीने आवाज खाली आणला. इतका हळू ती याआधी कधी बोलली होती हे तिला आठवेना. मग तिला दुसरंही काही आठवेना.

"तुमच्या संशोधनाची परिकल्पना सांगा."

परिकल्पना! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने घडाघडा सांगितली असती. पण झोपेतही खाली लूम चालू असते. आज तिला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. घड्याळ एवढं वाजतं हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता. स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला माधव आवंढा गिळत होता, तोही स्पष्ट ऐकू येत होता. शुक्रवारी अभ्यासाला बसलं की आपल्याला हमखास झोप का येते, याचं उत्तर तिला आत्ता, भलत्याच वेळी मिळालं. चार वर्षांचा सगळा अभ्यास तिने त्या खडखडाटावर पाठ केला होता. खालचा ताल थांबला आणि वरची गाडी जागच्या जागी बसली.

"परिकल्पना म्हणजे... अशी कल्पना... की जी आपण..."

"नमुना निवड कशी केली?"

"नीट केली, मॅडम."

देवस्थळीबाईंनी चष्मा काढून पुसला. आसावरीने टेबलाखालून हात हलवून माधवला खूण केली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं : 'लूम चालू करायला सांगा. ताबडतोब!' माधवने कागद वाचला, बायकोकडे बघितलं, परत कागद वाचला. एवढी अर्जविनंती करून बंद केलेले लूम परीक्षेच्या मधोमध चालू का करायचे, हे त्याला कळलं नाही. पण कोर्टात कारकुनी करून करून समोरच्या कागदाचं ऐकायची त्याला सवय होती. तो खाली गेला.

खाली अर्धी गल्ली अनवाणी उभी होती.

"मुकादम," माधव कुजबुजला, "लूम चालू करो."

मुकादमाने त्याच्याकडे अत्यंत तिरस्काराने बघितलं. "साहब, शरम करो. शेठ की मिट्टी अभी उठी नहीं, और लूम चलाऊँ?"

माधवने गोदूबाईंकडे बघितलं. हाराकडे बघितलं. रडणाऱ्या कुमारशेठकडे बघितलं. लूम बंद झाले ते परीक्षेसाठी, हे त्याला माहीत होतं. पण म्हणून शेठ गेले नाहीत असं कुठे होतं? उलट त्याला सगळा उलगडाच झाला. ज्या माणसाने मुलीच्या लग्नात लूम थांबवले नाहीत, त्याच्याकडून आपण भाडेकरूंनी ते थांबवून घेतले. सोसलं नाही बिचाऱ्याला. माधव तसाच वर आला आणि कॅमेऱ्याचं भान न ठेवता सरळ आसावरीच्या शेजारी येऊन बसला.

"आसावरी, बाळारामशेठ गेले."

"शेलारला ना?"

"नाही गं. गेले. खाली बांबू आलेत."

"माझ्यामुळे!" ती किंचाळली, आणि या वेळी कोल्हापूरला कानांवर हात ठेवायचंही सुचलं नाही. "मी मारलं त्यांना! या मेल्या एम.एड.पायी!" आणि तिने टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला सुरुवात केली. अर्ध्या तासासाठी एका भल्या माणसाचा जीव घेतला, आणि एवढं करून परिकल्पनाही आठवली नाही, या दोन्ही गोष्टींचं तिला एकाच वेळी रडू येत होतं. त्यातलं दुसऱ्या गोष्टीचं रडू जरा जास्त होतं, याची तिला भयंकर लाज वाटत होती.

"मॅडम, सावरा," देवस्थळीबाई पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या. "आपण परीक्षा पुढे ढकलू या. मी तसा शेरा लिहिते."

"नको!" आसावरीने डोकं वर केलं. "पुढे ढकलली की संपलं सगळं. मुदत संपतेय माझी."

"मग उत्तरं तरी द्या हो. अजून एकही उत्तर आलेलं नाही. मी काय लिहू?"

नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी बाळारामशेठ रिक्षातून उतरले. अर्धा तास उलटून गेला तरी आपल्या गल्लीचा आवाज येत नाही म्हणून ते आधीच कावले होते. पुढे होऊन बघतात तो आपल्या दारात गर्दी, माणसं अनवाणी, भिंतीला टेकलेले बांबू, आणि हातात हार घेऊन उभा असलेला कुमार. घरात आपल्यामागे राहिलेलं माणूस एकच. शेठनी भर गल्लीत टाहो फोडला.

"गोदू गोऽ! मला टाकून गेलीस गोऽ!"

सगळी गर्दी वळली. ज्याच्यासाठी चपला काढल्या तोच छाती पिटत आपल्याच दिशेने धावत येतोय, हे बघून काही जण चपला न घालताच पळाले. मुकादम दोन लुमांच्या मधल्या फटीत शिरला. कुमारशेठनी घाबरून हातातला हार शेठच्याच गळ्यात टाकला.

नवऱ्याचा तो आक्रोश ऐकून गोदूबाईंच्या तोंडातला पदर सुटला. आणि अर्ध्या तासाचा साचलेला खोकला एकदम बाहेर पडला. तो ऐकून शेठ जागच्या जागी थबकले. तसा खोकला जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"जित्ती हाय!" ते ओरडले.

"मला काय धाड भरली?" गोदूबाई खोकता खोकता म्हणाल्या. "आनि ह्यो हार कशापायी? वरती पोरीची परीक्षा चालू हाय, आनि तुमी सगली हिथं काय तमाशा मांडलाय?"

मग काय झालं ते उलगडायला फार वेळ लागला नाही, कारण शेठनी उलगडू दिलंच नाही. त्यांना आपले लूम अजून उभे दिसले आणि त्यांचं पित्त खवळलं. "मुकादम! किधर मरा? टाइम कब का खतम हुआ! चालू कर सब!"

मुकादम फटीतून बाहेर आला. शेठचा आवाज खणखणीत आहे म्हणजे शेठ जिवंत आहेत, असा त्याने निष्कर्ष काढला आणि खटके दाबले. लूम सुरू झाले. तो आवाज ऐकून कुमारशेठचे सुरू झाले, पुढच्याचे झाले, त्याच्या पुढच्याचेही झाले.

वर फरशी थरथरली. टेबलावरचा पाण्याचा पेला सरकू लागला. आसावरीने हुंदका अर्ध्यावर सोडून मान ताठ केली. तिच्या डोक्यात जणू कुणीतरी सगळे दिवे लावले होते.

"परिकल्पना क्रमांक एक!" ती गरजली. "यंत्रमागांच्या सान्निध्यातील शाळांमधील आणि शांत परिसरातील शाळांमधील विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेत लक्षणीय फरक आढळत नाही! ही शून्य परिकल्पना होय! नमुना निवड यादृच्छिक पद्धतीने! तिसऱ्या प्रकरणात..."

ती थांबेचना. उद्दिष्टं झाली, व्याप्ती झाली, साधनं झाली, संदर्भग्रंथांचे प्रकाशकसुद्धा सांगून झाले. देवस्थळीबाई मधे काही विचारायला तोंड उघडत आणि परत मिटत. त्यांनी एकदा फोनचा आवाज कमी केला, एकदा फोनच हातभर लांब धरला. शेवटी त्यांनी हात वर करून शरणागती पत्करली.

"पुरे, मॅडम, पुरे! इतकं तयारीचं उत्तर मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही. उत्तीर्ण आहात तुम्ही!" खडखडाटातून ऐकू जावं म्हणून त्याही आता ओरडत होत्या. "पण एक सांगा. आवाजात एकाग्रता ढासळते, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

"हो, मॅडम! सिद्ध केलंय!"

"आणि मी आत्ता अर्धा तास काय बघितलं?"

आसावरीने आधी आपल्या प्रबंधाकडे बघितलं, मग थरथरणाऱ्या फरशीकडे. लूम चालूच होते.

"पदवीला हरकत नाही. पण शेवटचं प्रकरण परत लिहा, आणि लिहिण्याआधी नीट पडताळून बघा!" म्हणून देवस्थळीबाईंनी फोन ठेवला आणि त्या बहुधा थोडा वेळ शांत पडून राहिल्या.

थोड्या वेळाने बाळारामशेठ स्वतः जिना चढून वर आले. हार अजून गळ्यातच होता. त्यांना बघून आसावरीने आधी त्यांचा हात हातात घेऊन तो गरम लागतोय याची खात्री केली, मग त्यांच्या पाया पडली, मग पुन्हा रडली.

"पास झालीस म्हनं," शेठ म्हणाले.

"झाले, शेठ. पण तुमचा फार खोळंबा झाला. आणि नको ते ऐकून घ्यावं लागलं तुम्हाला."

शेठ खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा रागावलेला वाटत नव्हता. ते हारातल्या झेंडूच्या फुलांवरून बोट फिरवत राहिले. "कुमार रडला म्हनं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ढसाढसा रडले," माधव म्हणाला. "मी बघितलं."

"हां." शेठनी गळ्यातला हार नीट केला. "चिंधूनं दुकान पन बंद केलं. आख्खी गल्ली बंद व्हती म्हनं. माज्या बापाला एवढी मानसं न्हवती." मग त्यांनी घसा साफ केला. "ती कोल्हापूरची बाई अजून काय बोलली?"

"शेवटचं प्रकरण परत लिहायला सांगितलंय. पुन्हा पडताळणी करावी लागेल."

"मंजे लूम पुन्ना बंद करायला लागतील?"

"नाही नाही, शेठ! तुम्हाला आता अजिबात त्रास देणार नाही," आसावरी घाईघाईने म्हणाली.

"तसं न्हाय गो. शिक्शनाचं काम हाय, अर्धवट सोडू नये," बाळारामशेठ खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "फकस्त या टायमाला मला दोन दिस आदी सांग. कल्यानचा माजा साडू आज आलाच न्हाय. त्याला जमंल असा वार ठेवू."